पर्यवेक्षकाला बैठक क्रमांक नसतो

परीक्षाबाईंना गाठ लागली ती शनिवारी सकाळी. आठवड्यातल्या बाकीच्या दिवशी त्यांच्या घरी आंघोळ ही रांग लावून उरकायची गोष्ट होती. शनिवारी शाळेला सुट्टी, म्हणून साबण जरा सावकाश फिरला आणि डाव्या बाजूला, काखेच्या अलीकडे, एका जागी अडला. वाटाण्याएवढं काहीतरी होतं. त्यांनी पुन्हा हात फिरवला. होतं. तिसऱ्यांदा फिरवणार तेवढ्यात यजमानांनी दार वाजवलं आणि "अगं, पाणी संपतंय की काय?" असं विचारलं. परीक्षाबाई म्हणाल्या, "झालंच."

आता इथे परीक्षाबाई म्हणजे कोण हे सांगून टाकलेलं बरं. शाळेच्या परीक्षा विभागात त्यांची चोवीस वर्षं गेली. बैठक व्यवस्था, प्रवेशपत्रं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, सगळं त्यांच्या हातचं. त्यांचं खरं नाव सेवापुस्तकात आहे आणि तिथे ते सुखरूप आहे. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि इमारतीच्या बत्तीस घरांत त्यांना परीक्षाबाई याच नावाने ओळखतात. पाहुणे आले तर त्या नकळत एकाआड एक बसवतात. घरातल्या डब्यांवर अनुक्रमांक आहेत. अशा बाईच्या हातून कुठलं काम लांबणीवर पडणार नाही, असं कोणालाही वाटेल.

पण त्यांनी पंधरा दिवस तोंडातून एक अक्षर काढलं नाही. एवढंच नाही, मनातल्या मनातसुद्धा त्या जागेचं नाव घेतलं नाही. मनात त्या 'ते' म्हणत. 'ते' अजून आहे का, 'ते' दुखतं का. बावन्न वर्षं जो अवयव जवळ बाळगला त्याचा उच्चार आपल्याला येत नाही, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती.

सोळाव्या दिवशी त्या धीर करून दवाखान्यात गेल्या. मोठा दवाखाना, खाली चौकशीची खिडकी, खिडकीला काच, आणि काचेच्या आत एक गृहस्थ. काचेमुळे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू येत नसे, म्हणून कोणीतरी डोकं लढवून तिथे ध्वनिक्षेपक बसवला होता.

"काय होतंय?" असा प्रश्न सगळ्या दालनभर घुमला.

परीक्षाबाईंनी मागे पाहिलं. मागे अकरा माणसं होती आणि त्यातले पाचवे शाळेतले चित्रकलेचे सर होते. सरांनी आदराने मान लववली.

"मोठ्याने बोला, बाई! काय होतंय?"

"मला काही होत नाही," परीक्षाबाई ताठ होऊन म्हणाल्या. "मी चौकशीला आले आहे. ते... शिबिर असतं ना, बायकांचं. त्याची."

"कोणासाठी हवंय?"

"आमच्या इमारतीसाठी."

आपण असं का म्हणालो हे त्यांना पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. खोटं बोलण्याचा सराव नसलेली माणसं पहिलंच खोटं फार मोठं बोलतात. खिडकीने त्यांना नऊ नंबरच्या खोलीत पाठवलं. तिथे शिबिराच्या सिस्टर बसल्या होत्या, रुंद खांद्यांच्या आणि पेन कानावर ठेवणाऱ्या. त्यांनी परीक्षाबाईंना बघून अक्षरशः खुर्ची पुसून दिली.

"दोन महिन्यांत आपणहून मागायला आलेल्या तुम्ही पहिल्या. आम्ही दारोदार फिरतो तर बायका दाराला कडी लावतात. तपासणीची गाडी येईल, यंत्र गाडीतच आहे. दुसऱ्या तपासणीसाठी एक बंद खोली लागेल. सगळं मोफत. अट एकच, कमीत कमी तीस जणी हव्यात. पुढच्या सोमवारी देऊ?"

घरी जाता जाता परीक्षाबाईंना आपल्या खोट्यात एक सोय दिसू लागली. तीस जणींची गर्दी असेल. त्या गर्दीत आपणही असू. रांगेतली एक. आपल्याला काही झालं आहे म्हणून आपण गेलो, असं कोणाच्या मनातही येणार नाही. एका गाठीसाठी एकटीने दवाखान्याची पायरी चढण्यापेक्षा अख्खं शिबिर भरवणं त्यांना सोपं वाटलं, यावरून त्यांच्या भीतीचा अंदाज यावा.

शिबिर म्हटलं की परवानगी आली आणि परवानगी म्हटलं की अध्यक्ष आले. इमारतीचे अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहत. सज्जन माणूस, पण ठरावाशिवाय नळाचा वॉशरसुद्धा बदलू देत नसत. त्यांनी समितीची तातडीची सभा बोलावली. सात पुरुष आणि परीक्षाबाई.

"तपासणी नक्की कसली?" अध्यक्षांनी विचारलं.

"बायकांची."

"ते लक्षात आलं. पण बायकांच्या कशाची?"

परीक्षाबाईंनी सिस्टरांनी दिलेला कागद पुढे केला. तो हातोहात फिरला. प्रत्येकाने वाचला, प्रत्येकाने घाईघाईने शेजाऱ्याला दिला आणि खजिनदार पंख्याकडे बघू लागले. शेवटी सचिवांनी घसा साफ करून लिहिलं, 'समितीस विषय समजला.'

खरा घोळ फलकावरून झाला. फलक दाराशीच, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत. पोरंटोरं वाचणार, पाहुणेरावळे वाचणार. 'ते दोन शब्द' फलकावर नकोत, यावर सभेचं पाच मिनिटांत एकमत झालं. समितीच्या इतिहासात एवढं झटपट एकमत पूर्वी झालं नव्हतं. मग काय लिहायचं यावर दीड तास गेला. खजिनदारांनी 'महिलांच्या नाजूक विषयांची पाहणी' असं सुचवलं आणि ते सगळ्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. अखेर 'महिला आरोग्य तपासणी शिबिर. वय वर्षे तीसच्या पुढे. सर्वांनी लाभ घ्यावा' हा मजकूर मंजूर झाला. तारीख घातली नाही म्हणून अर्ज परत करणाऱ्या परीक्षाबाई इतका मोघम मजकूर मुकाट्याने मान्य करतात, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. त्यांना स्वतःला मात्र हायसं वाटलं.

फलक लागला त्याच संध्याकाळी माहितीकाकू आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या. वय अठ्ठावन्न, आणि जगात असा विषय नाही ज्यातलं त्यांना आधीपासून माहीत नाही. बाकी कोणाला शिबिर कसलं ते कळलं नसलं तरी सचिवांच्या बायकोकडून काकूंना पक्की बातमी लागली होती.

"अगं, त्या यंत्राबद्दल मला सगळं माहितीये. दोन पाट्यांमध्ये धरून असं दाबतात, असं दाबतात की बाई पुन्हा सरळ उभी राहत नाही."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आणि एक ऐक माझं. शोधलं की सापडतं. ज्या ज्या तपासायला गेल्या त्यांनाच निघालं. मी म्हणून कधी काही शोधतच नाही. बघ, आहे का मला काही?"

या तर्काला उत्तर द्यायला परीक्षाबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांचा स्वतःचा गेल्या पंधरा दिवसांचा कारभार याच तर्कावर चालला होता. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही नाही येणार?"

"येईन की. गुडघ्यासाठी येईन. आरोग्य तपासणी लिहिलंय ना?"

खरं तर तिथेच धोक्याची घंटा वाजायला हवी होती. पण परीक्षाबाई आता कामाला लागल्या होत्या, आणि काम म्हणजे त्यांचं दुखणं विसरायचं औषध. त्यांनी मजल्यानुसार यादी केली. प्रत्येकीला बैठक क्रमांक दिला. प्रवेशपत्रं छापली आणि खाली सूचना घातल्या: अर्धा तास आधी उपस्थित राहावे. प्रवेशपत्र विसरल्यास प्रवेश मिळणार नाही. शेजारणीशी बोलू नये. सिस्टरांनीही एक सूचनांचा कागद दिला होता, पण तो हरवू नये म्हणून परीक्षाबाईंनी परवानगीच्या फाइलला मागून टाचून ठेवला. फाइलला टाचलेला कागद कधी हरवत नाही. तो कोणी वाचत नाही, एवढंच.

प्रवेशपत्र हातात पडताच बायकांमध्ये परीक्षेचं वातावरण पसरलं. चौथ्या मजल्यावरच्या शिवणकामवालीने जिन्यात गाठून विचारलं, "बाई, काही वाचून यायचं का?" तळमजल्यावरच्या दोघी जावांनी आपले नंबर शेजारी शेजारी हवेत असा अर्ज केला. अध्यक्षांच्या घरून मात्र नाव आलं नाही. 'आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे' असा निरोप आला. तरी तीस नावं भरली. तिसावं नाव लिहून परीक्षाबाईंनी पेनाला टोपण लावलं.

आपलं नाव राहिलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. चोवीस वर्षांत त्यांनी हजारो बैठक क्रमांक लिहिले होते आणि त्यात स्वतःचा एकदाही लिहिला नव्हता. जो बैठक व्यवस्था लावतो तो परीक्षेला बसत नाही, हे त्यांच्या हाताला इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायची गरज पडली नाही. की डोक्यानेच हाताला गप्प बसायची खूण केली होती, कोण जाणे.

सोमवारी सकाळी गाडी आली. फाटकावर इमारतीच्या नावाची कमान होती आणि गाडी कमानीपेक्षा टीचभर उंच होती. चालकाने चाकांतली हवा थोडी कमी केली, परीक्षाबाईंच्या यजमानांनी शिडीवर चढून नावातली खाली लोंबणारी शेवटची दोन अक्षरं उतरवली, आणि गाडी आत आली. आत आल्यावर गाडीतल्या जनरेटरने मान टाकली. मग यजमानांनीच इमारतीच्या मीटरपासून एक जाड वायर ओढून दिली. खरं म्हणजे नऊ ते एक या वेळात आवारात एकही पुरुष दिसता कामा नये, असा अध्यक्षांचा लेखी हुकूम होता. पण फ्यूजवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं, म्हणून यजमानांना अपवाद मिळाला. ते भिंतीकडे तोंड करून मीटरपाशी उभे राहिले.

साडेनऊला तळमजल्याचं सभागृह भरलं. परीक्षाबाईंच्या छातीत अभिमान दाटून आला, आणि सिस्टरांनी आत पाऊल टाकताच नाकाला रुमाल लावला.

"पावडर कोणी कोणी लावलीय?"

तीसच्या तीस हात वर झाले. चारचौघांत, तेही डॉक्टरांसमोर उभं राहायचं म्हणजे बाईने नीटनेटकं जायला नको का? प्रत्येकीने आंघोळीनंतर डबा उपडा केला होता.

"अहो, पावडर फोटोत ठिपक्यांसारखी उमटते! गाठ कुठली आणि पावडर कुठली ते कळायचं कसं? मी कागद दिला होता ना, बाई?"

"फाइलला आहे," परीक्षाबाई म्हणाल्या. आपल्या फाइलची त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली. ओले पंचे मागवण्यात आले.

"बरं, पहिला नंबर कोण?" सिस्टरांनी पुकारलं.

माहितीकाकू उठल्या आणि गुडघा पुढे केला. "चढताना दुखतो. उतरताना नाही."

"गुडघा नाही बघत हो आम्ही."

"मग दोन नंबरला घ्या, तिला दाढ दाखवायचीय."

दाढ, चष्म्याचा नंबर, पाठीचा मणका आणि सासूबाईंच्या साखरेचा जुना अहवाल. पाच मिनिटांत उघड झालं की शिबिर कसलं आहे हे काकू, सचिवांची बायको आणि आणखी दोघी सोडल्या तर कोणालाच माहीत नाही. सिस्टरांनी कानावरचं पेन काढलं, पुन्हा ठेवलं आणि तपासणी कसली ते हळू आवाजात पहिल्या ओळीला सांगितलं. पहिल्या ओळीने ते दुसरीला सांगितलं. ते शेवटच्या ओळीपर्यंत पोचायच्या आत पहिली ओळ उठून उभी राहिली होती.

"मला नाही बाई जमायचं."

"माझं दूध गॅसवर आहे."

"घरी विचारलं नाही मी."

बघता बघता सभागृहात एकोणीस जणी उरल्या, त्याही दाराकडे तोंड करून. सिस्टर परीक्षाबाईंजवळ आल्या. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. म्हणाल्या, "तीस नसतील तर गाडी पुढे न्यावी लागते, बाई. तसा नियमच आहे. पलीकडच्या वस्तीत बायका वाट बघतायत. अर्धा तास थांबते."

परीक्षाबाई गाडीकडे बघत राहिल्या. गाडी गेली तर? तर उद्या पुन्हा ती काच, तो ध्वनिक्षेपक आणि मागे अकरा माणसं. आपण काही पुन्हा जाणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं. आज राहिलं की ते कायमचं राहणार.

नेमका त्याच वेळी यंत्र चालवायला गाडीतून आलेल्या मुलीने ते चालू करून बघितलं, मीटरपाशी फट्‌ आवाज झाला आणि सगळ्या इमारतीची वीज गेली. पंखे थांबले. अंधुक सभागृहात गोंधळ माजला, आणि गोंधळ म्हटल्यावर परीक्षाबाईंमधली पर्यवेक्षक आपोआप जागी झाली. त्या खुर्चीवर चढल्या.

"शांतता! जागेवर बसा!"

सगळ्या बसल्या. दारातून परत फिरल्या त्याही बसल्या. प्रत्येक बाई कधी ना कधी शाळेत गेलेली होती, आणि तो आवाज एकदा ऐकलेला माणूस जन्मभर विसरत नाही.

परीक्षाबाईंनी तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आला आणि परत गेला.

"स्तन," त्या म्हणाल्या.

कोणीतरी खुदकन हसलं. परीक्षाबाईंनी त्या दिशेला असं पाहिलं की हसू तिथेच विझलं.

"स्तनाचा कर्करोग. आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. या दोन तपासण्या आहेत. हे फलकावर लिहायचं मी टाळलं, कारण मला लाज वाटली. शाळेत कोणी 'विषय' न लिहिता पेपर दिला तर मी परत करते, आणि इथे मीच विषय लपवला. चूक माझी आहे. हे लवकर सापडलं तर बाई बरी होते, घरी येते. उशिरा सापडलं तर... ते तुम्हालाही माहितीये. आपण सगळ्या 'दुखलं की बघू' म्हणतो. आणि हे सुरुवातीला दुखतच नाही बहुतेक वेळा."

"जरा हळू बोलता का, मॅडम?" असा दबलेला पुरुषी आवाज आला.

बायका दचकून इकडेतिकडे बघू लागल्या. आवाज भिंतीतून येत होता.

"मी आहे. अध्यक्ष. लिफ्टमध्ये. चष्मा विसरला म्हणून वर निघालो होतो, मध्येच वीज गेली. इथे सगळं ऐकू येतंय हो."

मग सगळं सभागृह असं हसलं की शिवणकामवालीला ठसका लागला. पुरुष आवारात दिसता कामा नये हा हुकूम अध्यक्षांनी तंतोतंत पाळला होता. ते दिसत नव्हते. त्या हसण्याने बायका सैलावल्या, खुर्च्या सरकल्या, आणि आता सगळं मार्गी लागणार असं वाटत असतानाच माहितीकाकूंनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे गं. पण तुझा नंबर कितवा?"

परीक्षाबाईंनी हातातली यादी पाहिली. वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली. चेहरा उतरला.

"पर्यवेक्षकाला नंबर नसतो," त्या पुटपुटल्या.

"वा गं वा! आम्ही पाट्यांमध्ये चेंगरायचं आणि तू खुर्चीवर उभी राहून शांतता म्हणायचं! हिला स्वतःला नको, आणि आम्हाला उपदेश!"

बायकांत कुजबुज सुरू झाली, आणि ती काही चुकीची नव्हती. परीक्षाबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. एवढा खटाटोप त्यांनी एका गोष्टीसाठी केला होता, कोणाला कळू नये म्हणून. गर्दीत लपायला त्यांनी गर्दी जमवली होती, आणि आता ती सगळी गर्दी त्यांच्याकडेच बघत होती.

"मला गाठ लागली आहे," त्या म्हणाल्या. "डाव्या स्तनात. बावीस... नाही, तेवीस दिवस झाले. मी कोणाला सांगितलं नाही. मला फार भीती वाटते. म्हणून एकटीने जाववलं नाही. म्हणून तुम्हाला सगळ्यांना बोलावलं."

कोणी हसलं नाही. दाराशी फक्त काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. यजमान हातातली पक्कड टाकून दारात उभे होते, ऐन बायकांच्या सभेत, आणि हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"कधी लागली?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी. तुम्ही पाणी संपतंय का विचारलंत तेव्हा."

बावीस वर्षं यजमान त्या दारावर टकटक करत आले होते, आणि त्यातली ही एक टकटक त्यांना पुढे कायम आठवणार होती. ते एवढंच म्हणाले, "आधी हिला घ्या. बाकीच्यांचं नंतर बघा."

"घेते," सिस्टर म्हणाल्या, आणि मग त्यांनी परीक्षाबाईंना सगळ्यांदेखत असं झापलं की बाईंची चोवीस वर्षांची पर्यवेक्षणाची कसर भरून निघाली. "शिबिर असतं काही त्रास नाही त्यांच्यासाठी! गाठ लागली की शिबिराची वाट बघायची नसते, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे यायचं असतं! तेवीस दिवस! शिकल्यासवरलेल्या तुम्ही!" हे बोलता बोलता त्यांनी बाईंचा हात धरला होता, आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

माहितीकाकू उठल्या. ओला पंचा घेतला. "मी दोन नंबरला," असं कोणाकडे न बघता म्हणाल्या. "गुडघ्याचं नंतर बघू."

यजमानांनी फ्यूज बसवला. वीज आली, पंखे फिरले, लिफ्ट खाली येऊन उघडली. अध्यक्ष घामाघूम होऊन बाहेर आले. बायकांच्या गराड्यातून जाताना त्यांनी नजर फरशीवरून उचलली नाही, पण दाराशी थांबले. "एकतीस नंबर रिकामा आहे का, मॅडम?"

"एकतीस मी आहे."

"मग बत्तीस लिहा. हिला घेऊन येतो. ती यायचं म्हणत होती. नाव मीच दिलं नव्हतं." आणि अध्यक्ष लिफ्टकडे एकदा बघून जिन्याने गेले. दूध उतरवायला गेलेल्याही दूध उतरवून परत आल्या.

गाडीत परीक्षाबाईंना पाट्यांमध्ये दाब बसला तो जोराचा होता, नाही असं नाही, पण पाच आकडे मोजायच्या आत संपला. मुलगी म्हणाली होती, श्वास धरा. परीक्षाबाईंनी तो इतका शिस्तीत धरला की फोटो निघून गेल्यावर तिला सांगावं लागलं, "सोडा आता, बाई. झालं."

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी त्यांना दवाखान्यात बोलावलं. पुढच्या तपासण्या झाल्या. त्या दिवसांत यजमानांनी न्हाणीघराचं दार एकदाही वाजवलं नाही. पाणी संपलं तरी चालेल म्हणाले. दवाखान्याच्या बाकावर ते बायकोची पिशवी मांडीवर घेऊन बसत आणि तिचे बंद उलगडत नि वळत राहत. गाठ पाण्याची निघाली. डॉक्टरीणबाईंनी सुईने पाणी काढलं, तपासायला पाठवलं, आणि चार दिवसांनी 'काही नाही, पण दरवर्षी यायचं' असं सांगितलं. परीक्षाबाईंना वाटलं होतं आपण खूप रडू. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून ते लेखी मागून घेतलं, आणि मग रडल्या.

बाकीच्यांचे निकाल बंद पाकिटांत आले. परीक्षाबाईंचा हात सवयीने फलकाच्या किल्लीकडे गेला होता, पण सिस्टरांनी फोनवर नुसतं "बाई!" म्हटलं आणि किल्ली जागेवर राहिली. पाकिटं जिची तिच्या घरी गेली.

त्या संध्याकाळी माहितीकाकू आल्या. दारात उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. काकू बोलत नाहीत हे बघूनच परीक्षाबाई घाबरल्या. काकूंनी पाकीट पुढे केलं. गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींमध्ये बदल दिसतो, पुढील तपासणीसाठी यावे.

"शोधलं की सापडतं, म्हटलं नव्हतं मी?" काकू म्हणाल्या. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

"म्हटलं होतंत," परीक्षाबाई म्हणाल्या. "आता सापडलंय तर काढूनही टाकू. उद्या दहाला तयार राहा. मी येते बरोबर."

कर्करोग नव्हता. होण्याच्या वाटेवरचं काहीतरी होतं. तसंच राहिलं असतं तर काही वर्षांनी कर्करोग होऊ शकला असता, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. एवढासा भाग काढला आणि काकू त्याच दिवशी घरी आल्या. आठवडाभर त्या शांत होत्या. आठव्या दिवशी त्यांना पुन्हा सगळं माहीत झालं. आता त्या जिन्यात भेटेल त्या बाईला थांबवून गर्भाशयाचं तोंड कुठे असतं, त्याची तपासणी कशी होते आणि ती न करणारी बाई किती अडाणी असते, हे हातवारे करून समजावतात. एकदा तर दूधवाल्यालाच सुनावलं, "बायकोला घेऊन ये, काय?" दूधवाला घेऊन आला.

वर्ष सरलं. यंदाच्या शिबिराची सभा सात मिनिटांत आटोपली. अध्यक्षांनी दोन्ही शब्द फलकावर ठळक अक्षरांत लिहावेत असा ठराव स्वतः मांडला आणि खजिनदारांनी पंख्याकडे न बघता अनुमोदन दिलं. पावडर लावू नये हीही सूचना आली. परीक्षाबाईंनी नवी यादी घेतली आणि पहिल्या ओळीवर, बैठक क्रमांक एकपुढे, स्वतःचं सेवापुस्तकातलं पूर्ण नाव लिहिलं. ते बघून यजमान म्हणाले, "मग पर्यवेक्षक कोण?"

"तुम्ही. पंचे भिजवायचे, फ्यूज सांभाळायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं."

फलक लिहून झाल्यावर तळाशी थोडी जागा उरली होती. परीक्षाबाईंनी खडू उचलला, थोडा विचार केला आणि आणखी एक सूचना घातली. समितीचा ठराव तिला नव्हता, पण अजून कोणी ती पुसलेली नाही.

'गाठ लागली असल्यास या तारखेची वाट पाहू नये. आजच दवाखान्यात जावे. सोबत हवी असल्यास तिसरा मजला, डावीकडचे दार. केव्हाही वाजवावे.'